ड्रॅगन चालतो, बकल चालत नाही

शनिवारी संध्याकाळी सहाला सुरू व्हायचा खेळ साडेसातपर्यंत सुरू झाला नाही, याला कारण एक बकल.

डीएमने, म्हणजे डंजन मास्टरने, खोलीतला एक दिवा मालवून, आवाज खर्जात नेऊन सांगितलं होतं, "तुम्ही राजवाड्याच्या दारापाशी पोचलात. पहाऱ्यावरची नाईक तुमच्यासमोर उभी आहे. ती अशी दिसते." आणि त्याने लॅपटॉप टेबलाकडे फिरवला. चित्रात एक बाई होती, अंगात चिलखत होतं, कमरेला एक आणि पाठीला एक अशा दोन तलवारी होत्या. मागे एक शहर जळत होतं आणि त्यावर एसटीएवढा ड्रॅगन आग ओकत घिरट्या घालत होता.

पाच जणांनी चित्र पाहिलं. क्षणभर शांतता पसरली. डीएमला वाटलं, परिणाम साधला.

"बकल चुकलंय," फायटर, म्हणजे लढवय्याचं पात्र घेतलेला खेळाडू, म्हणाला.

"कुठलं?"

"कमरेचं. तलवार उपसायला गेली की मूठ त्यातच अडकणार."

"कमरेचं सोड. पाठीवरच्या म्यानातून एवढी लांब तलवार निघतच नाही, हात पुरत नाही," क्लेरिक म्हणाला, आणि सिद्ध करून दाखवायला त्याने कोपऱ्यातली छत्री पाठीमागून शर्टात खोचली. छत्री निघाली नाही. ट्यूबलाइट मात्र निघाली.

ड्रॅगनबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. कित्येक टनांचा सरडा चामड्याच्या पंखांवर उडतो आणि पोटात जाळ बाळगूनही त्याला ॲसिडिटी होत नाही, हे सर्वांना मान्य होतं. मान्य नव्हतं ते बकल. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्यांच्या कलासमीक्षेचं हे पहिलं सूत्र म्हणावं लागेल. अशक्य गोष्टी माफ असतात, गैरसोयीच्या गोष्टी माफ नसतात.

प्रस्तुत लेखक या टेबलावर पाचवा. त्याचं पात्र चोराचं आहे, आणि खेळात चोराला 'रोग' म्हणतात. या शब्दाने मराठी घरात काय होतं ते इंग्रजी पुस्तक लिहिणाऱ्यांना ठाऊक नसणार. एकदा जिन्यात उभं राहून फोनवर "माझा रोग आठव्या लेव्हलला गेलाय, आता मजा येईल," असं तो बोलला. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू डाळिंबं घेऊन भेटायला आल्या.

तर, समीक्षा. ही सवय खेळाइतकीच जुनी आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या गॅरी गायगॅक्सने डेव्ह आर्नेसनबरोबर हा खेळ रचला आणि १९७४ मध्ये एका खोक्यात तीन पुस्तिका घालून विकायला काढला. चित्रांसाठी पैसे जवळजवळ नव्हतेच. ग्रेग बेल नावाच्या हौशी पोराने जी चित्रं काढली, त्यांतली काही मार्व्हलच्या 'स्ट्रेंज टेल्स' या कॉमिकमधल्या चौकटींवरून सरळ गिरवलेली होती. पुढे खेळाडूंनी कॉमिक आणि पुस्तिका शेजारी शेजारी ठेवून ही चोरी पकडली. ज्या खेळात चोर हा एक सन्माननीय पेशा आहे, त्याच्या पहिल्या चित्रकाराने हात मारला तर एवढं चिडायला नको होतं. पण समीक्षक चिडले.

चिलखतावर येऊ. फँटसीच्या चित्रांत बायकांना थंडी वाजत नाही, हे निरीक्षण फार जुनं. मार्व्हलच्या कॉमिकमधली रेड सोन्या १९७३ मध्ये पहिल्यांदा आली तेव्हा पुरेशी झाकलेली होती. मग एस्तेबान मारोतो या स्पॅनिश चित्रकाराने तिला धातूच्या चकत्यांची बिकिनी घातली, आणि त्यानंतरची काही दशकं निम्म्या वीरांगना लढाईला निघाल्यात की पोहायला हे पार्श्वभूमी बघून ठरवावं लागायचं. बर्फ असेल तर लढाई.

आता काळ सुधारला आहे, निदान आक्षेप सुधारले आहेत. त्या शनिवारी फायटरने चित्रातल्या नाईक बाईंच्या छातीवरच्या पत्र्याला हात घातला, शब्दशः नव्हे. असा उभारलेला आकार दिला की वार निसटून बाहेर जाण्याऐवजी मधोमध घसरतो आणि थेट छातीच्या हाडावर येतो, हे त्याने कागदावर आकृती काढून समजावलं. क्लेरिकने दुसरी आकृती काढली. प्रस्तुत लेखकाने कोनमापक मागितला.

"वीस मिनिटं झाली," टेबलावरची एकुलती एक मुलगी, म्हणजे जादूगाराचं पात्र घेतलेली विझर्ड, म्हणाली. "वीस मिनिटं तुम्ही तिघं तिच्या छातीची आकृती काढताय."

"तांत्रिक चर्चा आहे ही," फायटर म्हणाला.

"हो, दिसतंय. झूमसुद्धा तांत्रिकच केलंय."

त्यानंतर चर्चा घाईघाईने डोक्याकडे वळली, कारण डोकं सुरक्षित विषय होता. डोक्यावर काहीच नव्हतं. पायापासून गळ्यापर्यंत पोलाद, आणि वर मोकळे, वाऱ्यावर उडणारे केस. हा प्रकार बाईपुरता नाही. गेल्या पन्नास वर्षांत या खेळाच्या पुस्तकांत जे वीर रंगवले गेले त्यांत शिरस्त्राणवाले मोजकेच, कारण चेहरा झाकला तर हिरो कोण हे कळणार कसं. हेल्मेटला विरोध हा पुण्याचा शोध आहे असं मानणाऱ्यांनी ही पुस्तकं जरूर चाळावीत. तिकडचे योद्धेसुद्धा ते हातात धरतात, काखेत मारतात, घोड्याला अडकवतात. बहुधा पुढच्या चौकात मामा दिसले की घालत असावेत.

डोकं उघडं, पण पट्ट्यांत काटकसर नाही. २००० साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा प्रत्येक पेशाला एकेक नमुना-पात्र दिलं गेलं. त्यातला सॉर्सरर हेनेट याच्या अंगावर इतके पट्टे आणि बकलं होती की त्याला जादूपेक्षा कपडे बदलायला जास्त वेळ लागत असणार. पुढे 'पाथफाइंडर' हा भाऊबंद खेळ निघाला. त्याची पात्रं वेन रेनॉल्ड्स या ब्रिटिश चित्रकाराने घडवली आणि त्यांच्या अंगाखांद्यावर पिशव्या, बटवे, कुप्या, सुऱ्या असं सगळं लटकवलं. समीक्षक हसले: एवढं सामान घेऊन कोणी धावतं का? प्रस्तुत लेखकाला मात्र ती चित्रं लगेच पटली. आषाढात पंढरीच्या वाटेवर, किंवा रात्रीच्या बसने कोकणात निघालेल्या कुठल्याही मावशींकडे पाहावं. सामान अगदी तितकंच असतं, आणि त्या धावतातही.

त्याच तिसऱ्या आवृत्तीतला रेगडार हा या सगळ्या कलाइतिहासातला सर्वांत दुर्दैवी माणूस. गोष्ट अशी सांगतात की लढवय्या म्हणून बुटका टॉर्डेक ठरला होता. पण विक्री विभागाने ऐनवेळी आग्रह धरला की एक उंचापुरा गोरा माणूस हवाच. साहेबांचा माणूस म्हणून रेगडार आला. मग त्या काळच्या पुस्तकांत रेगडारचे जे हाल झाले ते बघण्यासारखे आहेत. चित्रामागून चित्रात तो मार खातो आहे, कुणाच्या तरी तावडीत सापडतो आहे, जमिनीवर पडला आहे. वशिल्याने लागलेल्या माणसाला ऑफिस कसं वागवतं, यावर असा सचित्र ग्रंथ दुसरा नसेल.

अर्थ लावण्याच्या बाबतीत मात्र लॅरी एल्मोरच्या एका चित्राला तोड नाही. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये ते आहे. साहसी वीरांची एक टोळी छायाचित्रासाठी उभं राहावं तशी ओळीने उभी, चेहऱ्यावर पराक्रमाचं समाधान, आणि शेजारी उलटा टांगलेला त्यांनी मारलेला ड्रॅगन. चित्राचं नावही 'ड्रॅगन मारले आणि त्याचा अभिमान आहे' अशा अर्थाचं. फक्त ड्रॅगन अगदीच लहान आहे. पूर्वीच्या संस्थानिकांचे वाघावर पाय ठेवलेले फोटो असतात ना, त्यात वाघाच्या जागी मांजर ठेवलं तर जसं दिसेल तसं.

प्रस्तुत लेखकाच्या टेबलावर या एका चित्राने मागे अख्खा रविवार खाल्ला होता. क्लेरिकचं मत, हे वीर कोवळ्या पिलाला मारून मिरवताहेत, चित्रकाराने आपल्या सगळ्यांची खोड काढली आहे. फायटरचं मत, पहिल्या लेव्हलला एवढाच ड्रॅगन झेपतो, यात हसण्यासारखं काय? आवाज चढला. विझर्डने विचारलं, याची आई कुठे असेल? त्यावर मात्र सगळेच गप्प झाले, कारण अशा प्रश्नांवरून डीएमला पुढच्या खेळाच्या कल्पना सुचतात. सुचलीच. तिघं मेले.

पण नाईक बाई दारातच उभ्या राहिल्या होत्या. पावणेआठला डीएमने हात टेकले आणि जाहीर केलं, "तिने तुम्हाला आत सोडलं. का ते विचारू नका. आत महालाचा मालक बसलाय. राक्षस." आणि या वेळी त्याने धोका न पत्करता नवं चित्र टाळून जुनंच पुस्तक काढलं. १९७७ चं 'मॉन्स्टर मॅन्युअल', त्यातलं डेव्हिड ट्रॅम्पियरचं राक्षसाचं चित्र. चित्रात वाघाचं डोकं, अंगात श्रीमंती झगा, हातात तंबाखूचा पाइप, आणि खुर्चीत निवांत बसणं.

नेमक्या त्याच वेळी प्रस्तुत लेखकाच्या आई चहा घेऊन आल्या.

"हा कोण रे?"

"राक्षस, आई."

"कुठला?"

"आपलाच. पुस्तकात लिहिलंय, मूळचा भारतातला."

आईंनी चष्मा वर केला आणि चित्र नीट पाहिलं. त्यांनी दशावतारात संकासुर पाहिलेला, रावणाची दहा तोंडं चित्रात मोजलेली. "हा आपल्यातला नव्हे," त्या म्हणाल्या. "आपल्यातला असा बसून राहत नाही. हा कुणाचातरी सासरा आहे."

समीक्षेची पन्नास वर्षं एकीकडे आणि हे वाक्य एकीकडे. खरोखरच त्या राक्षसाचं गोत्र लंकेचं नाही. 'कोल्चॅक: द नाइट स्टॉकर' नावाची एक अमेरिकन मालिका होती, भुताखेतांच्या बातम्यांमागे धावणाऱ्या पत्रकाराची. तिच्या १९७४ च्या एका भागात राक्षस येतो, समोरच्या माणसाच्या सर्वांत विश्वासातल्या व्यक्तीचं रूप घेतो, आणि मंतरलेल्या बाणाने मरतो. खेळातल्या राक्षसाची प्रेरणा तीच, असं मानलं जातं, आणि मंतरलेल्या बाणाने मरण्याचा नियमही पुस्तकात तसाच आला. आपल्याकडून राक्षस शिकागोला गेला, टीव्हीवर कामाला लागला, लेक जिनीव्हात स्थायिक झाला आणि झगा-पाइपसकट पुस्तक होऊन परत आला. एनआरआयच तो.

"देव पण आहेत का यात?" आईंनी विचारलं.

फायटरने उत्साहाने सांगितलं की १९८० च्या एका पुस्तकात इंद्र, विष्णू, यम सगळे आहेत, प्रत्येकाच्या हिट पॉइंटांसकट, म्हणजे किती मार बसला की मरणार त्या आकड्यासकट.

"म्हणजे यमाला मारता येतं?"

"तत्त्वतः, हो. फासा चांगला पडला तर."

"मग सावित्रीने उगीच एवढा वाद घातला," असं म्हणून त्या चहाचे रिकामे कप घ्यायला थांबल्या.

त्या ट्रॅम्पियरबद्दल एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण टेबलावर ती निघाली आणि एरवी बडबडणारी मंडळी थोड्या खालच्या आवाजात बोलू लागली. १९७८ च्या 'प्लेअर्स हँडबुक'चं मुखपृष्ठ त्याचंच. भल्यामोठ्या मूर्तीच्या डोळ्यातलं रत्न उचकटणारे दोन चोर, आणि खाली बाकीची टोळी मारामारी संपल्यावरची कामं करते आहे. कुणी तलवार पुसतं, कुणी प्रेतं ओढतं. पराक्रमाच्या चित्रात आवराआवर दाखवणारा तो विरळाच. १९८८ मध्ये त्याची 'ड्रॅगन' मासिकातली चित्रमालिका मध्येच थांबली आणि तो या खेळाच्या जगातून नाहीसा झाला. चाहत्यांनी अर्थ लावून लावून त्याला मृतच ठरवलं होतं. पुढे २००२ च्या सुमारास इलिनॉयमधल्या कार्बनडेल गावात विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने टॅक्सीवाल्यांवर एक लेख छापला, आणि त्यातला एक चालक तोच निघाला. परत चित्रं काढायला तो आला नाही. २०१४ मध्ये तो गेला.

"त्याच्या टॅक्सीत बसून कुणीतरी त्याला बकलबद्दल सांगितलं असेल," विझर्ड म्हणाली.

या सगळ्यातून शहाणपण घेण्याऐवजी प्रस्तुत लेखकाने मागच्या महिन्यात स्वतःच्या पात्राचं चित्र काढून घ्यायचं ठरवलं होतं. इंटरनेटवर एक चित्रकार मिळाला. लेखकाने त्याला साडेचार पानांचं वर्णन पाठवलं. त्यात पात्राचं बालपण होतं, वडिलांशी असलेला अबोला होता, सोबत एका नटाचा फोटो आणि स्वतःचा २००९ सालचा फोटो होता. पात्र हाफलिंग, म्हणजे तीन फुटी, हे शेवटच्या ओळीत होतं. 'देखणा' हा शब्द चार वेळा आला होता.

"तुझा करिष्मा आठ आहे," डीएमने तेव्हाच आठवण करून दिली होती. पात्राच्या गुणांचे हे आकडे जुन्या नियमांत तीन फासे टाकून येत, तीन ते अठरा. आठ म्हणजे लग्नाच्या पंगतीत ज्याला दोनदा वाढायचं राहून जातं तो माणूस.

"करिष्मा म्हणजे रूप नव्हे," लेखकाने बाणेदारपणे सांगितलं. हा वादही जुनाच. तो मिटवायला गायगॅक्सने १९८५ च्या 'अनअर्थ्ड आर्काना'मध्ये रूपासाठी वेगळा सातवा आकडाच काढला होता. तो फार काळ टिकला नाही. आपल्या रूपाचा आकडा लेखी असावा असं कुणालाच वाटत नसणार.

चित्र आलं. चित्रकाराने साडेचार पानं प्रामाणिकपणे वाचली होती, हाच घोटाळा झाला. तीन फुटांच्या देहावर लेखकाचं २००९ चं डोकं होतं, त्यावर नटाचे केस, आणि वडिलांशी असलेला अबोला थेट चेहऱ्यावर आला होता, बद्धकोष्ठासारखा. पाय इवलेसे. लेखकाने ते त्या शनिवारी, बाकी विषय संपल्यावर, घाबरत टेबलावर ठेवलं.

"डोकं मोठं आहे," फायटर म्हणाला.

"२०१४ च्या हँडबुकात हाफलिंग असेच आहेत. मोठं डोकं, बारके पाय. तेव्हाही लोक हसले होते," लेखकाने संदर्भ दिला.

"म्हणजे लोक बरोबर होते."

आईंनी कप उचलता उचलता पाहिलं आणि त्यांचे डोळे पाणावले. "अगं बाई, हा तर आपला नाना! सहकारी बँकेत असतानाचा!" नानामामा मॅनेजर म्हणून निवृत्त झाले, त्यांनी आयुष्यात कुणाच्या पाठीत खंजीर खुपसलेला नाही, निदान कंबरेला दोन लटकवून तरी नाही.

"बोटं मोज," क्लेरिक अचानक म्हणाला.

हा नवा छंद. २०२३ मध्ये राक्षसांवरच्या नव्हे, महाकाय जायंट मंडळींवरच्या एका अधिकृत पुस्तकातली काही चित्रं वाचकांना संशयास्पद वाटली. ओरडा झाला. एका चित्रकाराने एआयची मदत घेतल्याचं कबूल केलं आणि प्रकाशकांना जाहीर करावं लागलं की यापुढे आमच्या चित्रकारांना हे चालणार नाही. तेव्हापासून टेबलावर कुठलंही चित्र आलं की आधी बोटं मोजतात, मग सौंदर्य. नानामामांच्या डाव्या हाताला चार बोटं भरली.

"एआय!"

"अंगठा मुठीच्या मागे आहे," लेखक म्हणाला.

"सगळे तेच म्हणतात."

या गदारोळात त्या दिवशी पहिल्यांदाच आलेला सहावा खेळाडू, जो इतका वेळ फक्त चिवडा खात होता, तो मोबाइलवर काहीतरी शोधत होता. त्याने धीर करून तिसऱ्या आवृत्तीतल्या राक्षसाचं वर्णन वाचून दाखवलं. तिथे स्पष्टच लिहिलं आहे की माणसाच्या हाताची जिथे पाठ असते तिथे राक्षसाचा तळवा असतो. म्हणजे हात उलटे.

"बघा, मी म्हटलं नव्हतं," कप गोळा करणाऱ्या आई म्हणाल्या. "आपल्याकडे हडळीचे पाय उलटे असतात. त्यांनी ऐकताना हात ऐकलं."

"म्हणजे कुणाचंही रूप घेतलं तरी," नवा खेळाडू सावकाश म्हणाला, "हातावरून ओळखता येईल?"

डीएमने घड्याळ पाहिलं. साडेनऊ झाले होते. राक्षस अजून खुर्चीत बसूनच होता, पाइप विझायला आला होता, एकही फासा पडला नव्हता. त्याने शेवटचा प्रयत्न म्हणून आवाज परत खर्जात नेला. "लक्षात ठेवा. हा राक्षस तुमच्या सर्वांत विश्वासातल्या माणसाच्या रूपात येतो. तो या क्षणी तुमच्यातच असू शकेल."

आई आत जाऊन साबुदाणावड्यांची ताटली घेऊन आल्या. सगळ्यांनी हात पुढे केले. नव्या खेळाडूने मात्र वडा घेतला नाही; तो मान वाकडी करून ताटलीच्या खालून आईंच्या तळव्यांकडे बघत होता.

"धुतलेत हो," आई म्हणाल्या.